पुढून बसलेली गाडी

जुन्या गाडीच्या मालकाला लोक ठरलेले तीन प्रश्न विचारतात. अ‍ॅव्हरेज किती देते, पार्ट मिळतात का, आणि विकणार का. तिसरा प्रश्न विचारताना आवाज जरा उतरतो आणि नजर गाडीवरून मालकाच्या तब्येतीकडे वळते. एवढं झालं की मग कौतुक. इंजिनाचं होतं, स्टिअरिंगच्या दांड्याला लटकलेल्या गिअरचं होतं, हॉर्नचंही होतं. पुढच्या स्प्रिंगांची मात्र कुणी कधी मायेनं विचारपूस केलेली मला ठाऊक नाही.

त्याला कारणही आहे. स्प्रिंगा दिसत नाहीत. आवाज करत नाहीत. आवाज करतात ते बुश, आणि आळ येतो गाडीच्या वयावर. स्प्रिंगांना पेट्रोल लागत नाही, तेल लागत नाही, आणि रुसून त्या घाटात उभ्याही राहत नाहीत. कारखान्यात ज्या दिवशी गाडीखाली गेल्या त्या दिवसापासून पुढचं सगळं वजन अंगावर घेऊन त्या दबून असतात. गाडी धावत असो, ताडपत्रीखाली झाकलेली असो, की भाऊबंदकीच्या दाव्यात सापडून कुणाच्या तरी परड्यात गंजत असो. इंजिनाला सुट्टी असते, ब्रेकला असते, वायपरला तर आठ महिने असते. स्प्रिंगला नसते.

आमची गाडी पद्मिनी. हिचं मूळ घराणं इटलीचं. दांते जाकोझा या थोर अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेली फियाट 1100-103 ही गाडी 1953 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली, आणि थोड्याच काळात कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तिची जुळणी सुरू झाली. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेली ही कंपनी. मागून गोलमटोल असलेल्या त्या पहिल्या गाडीला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटलं, तेही प्रेमानं. मग 1964 मध्ये 'डिलाइट' आली, पुढे तिचीच 'प्रेसिडेंट' झाली आणि 1974 मध्ये 'पद्मिनी'. डुकरापासून निघून राष्ट्राध्यक्षांवरून पद्मिनीपर्यंत पोचणं हा प्रवास एका जन्मात कुणाला साधला असेल असं वाटत नाही. या साऱ्या नामांतरांत चाकांखालची मांडणी तीच राहिली: पुढे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म आणि त्यांच्या जोडीला वेटोळ्यांची स्प्रिंग, मागे सरळ आख आणि त्याखाली पाटे.

मुंबईत 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत पद्मिनीची शेवटची टॅक्सी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानं ऑक्टोबर 2023 संपता संपता काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे उठली. वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं. आमच्या घरची पद्मिनी मात्र तेव्हा उठायच्या ऐवजी बसत होती, आणि त्याची बातमी आम्हालाच नव्हती.

ही बातमी पहिल्यांदा दिली टायरवाल्यानं. पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूनं गुळगुळीत आणि बाहेरच्या बाजूनं नवे, हे पाहून तो म्हणाला, "सर, मेस्त्रीला दाखवा." तेव्हा गाडी उद्यमनगरात नेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, फाउंड्र्या आणि गॅरेजं अशी एकमेकांना खेटून आहेत की मागितलेला नट नसेल तर समोरच्या दारात तो तयार होईपर्यंत चहा पिऊन होतो. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक मोटार बघायला माणसं जिथं खांद्यावर पोरं घेऊन उभी राहतात, त्या गावात जुन्या गाडीला कुणी भंगार म्हणत नाही. निदान तोंडावर तरी.

मेस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. दहा पावलं मागं गेले, एक डोळा मिटला आणि निकाल दिला.

"सर, गाडी पुढनं बसलीया."

"कधीपासून?"

"ते गाडीलाच इचारा. ही काय एका रात्रीत बसत न्हाई."

माझा विश्वास बसेना. रोज डोळ्यासमोर असलेली गाडी. तिच्या दारावरचा प्रत्येक ओरखडा मला तारखेसकट पाठ. पण मेस्त्रींनी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेप धरला, डावीकडं आणि उजवीकडं. दोन्ही आकडे कमी, आणि त्यातही चालकाच्या बाजूचा अधिक कमी. त्या बाजूला कोण बसतं, हा विषय त्यांनी सौजन्यानं काढला नाही. मूळची उंची दाखवायला मी घरून जुने फोटो आणले. ज्योतिबाच्या पायथ्याशी काढलेल्या फोटोत बॉनेटवर दोन मेहुणे बसलेले. मुंजीच्या फोटोत गाडीत सात माणसं. गाडी रिकामी, सपाट जमिनीवर, एकटी उभी आहे असा एकही फोटो अल्बममध्ये निघाला नाही. माणसं गाडीचा फोटो काढतात ते गाडीवर बसूनच.

इथं डोळ्याची एक खोड कळते. डोळा हा फार समजूतदार मोजमापवाला आहे. गाडी वर्षाला केसाएवढी उतरली तर तोही केसाएवढा उतरतो आणि सारं पूर्वीसारखंच आहे असा दाखला देतो. म्हणून घरातल्या माणसाला गाडी बसलेली दिसत नाही, भिंत कललेली दिसत नाही, आणि आपण जिना चढताना कठड्याला कधीपासून हात लावू लागलो हेही आठवत नाही. ते दिसतं परक्याला, किंवा टेपला. टेपला आपल्याबद्दल काही वाटत नसतं, हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

बसलेली स्प्रिंग मऊ होत असेल असा माझा समज होता. तो मेस्त्रींनी दोन वाक्यांत काढला. स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तो तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर, वेटोळ्यांच्या संख्येवर आणि पोलादाच्या जातीवर. गाडी बसली म्हणून यातलं काहीच बदललेलं नसतं. वर्षानुवर्षं दाब सोसून पोलाद कणाकणानं आपला मूळ आकार विसरलेलं असतं, इतकंच. स्प्रिंग तितक्याच ताकदीची असते, फक्त ती उभी राहते खालच्या पायरीवर. त्यामुळे वर सरकायला जागा उरत नाही आणि खड्डा आला की आर्म थेट रबरी ठोकळ्यावर आदळतो. बसलेली गाडी गादीसारखी चालेल असं वाटतं, प्रत्यक्षात ती दणके देते.

आणि दणक्यांची आपल्याकडं वाण नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या शिफारशीत गतिरोधक कसा असावा हे व्यवस्थित लिहिलेलं आहे: 3.7 मीटर रुंद, मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच, अंगानं गोलाईदार, ताशी 25 किलोमीटरनं अलगद पार होणारा. हा गतिरोधक मी कागदावर पाहिला आहे. रस्त्यावर मला भेटतात ते त्या त्या गल्लीच्या स्वभावाप्रमाणे घातलेले. कुठं नुसता डांबराचा बांध, कुठं तीन सख्खे भाऊ लागोपाठ, कुठं पाइपलाइनच्या चराला योगायोगानं मिळालेली बढती. स्प्रिंगचं सारं आयुष्य या साहित्याच्या वाचनात जातं.

नव्या स्प्रिंगा घालायच्या ठरल्यावर हितचिंतक जमले. एकानं सांगितलं, जाड तारेच्या 'हेवी ड्यूटी' घाला, पुन्हा कटकट नको. ऐकायला बरं वाटतं. पण तारेची जाडी इथं चार वेळा गुणून येते. तार फक्त दहा टक्क्यांनी जाड केली तर स्प्रिंग सुमारे सेहेचाळीस टक्क्यांनी कडक होते. पुन्हा कटकट नको म्हणून घातलेली स्प्रिंग रोज कटकट करते. दुसऱ्याचं म्हणणं वेगळंच, गाडी अजून खाली घ्या, रुबाबदार दिसते, एक वेटोळं कापून टाका. दहा वेटोळ्यांतलं एक कापलं की गाडी खाली जाते हे खरं, पण उरलेली नऊ वेटोळी आधीपेक्षा अकरा टक्क्यांनी ताठर होतात. माणसं कमी झाली की उरलेल्यांचा ताठा वाढतो, हा अनुभव संस्थाचालकांना नवा नाही.

पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित सैल ठेवण्यामागं मोठं डोकं आहे. मॉरिस ऑली नावाचा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइस सोडून 1930 मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. जनरल मोटर्सच्या 1934 च्या गाड्यांत पुढची दोन चाकं एकमेकांपासून सुटी होऊन स्वतंत्रपणे वर-खाली व्हायला लागली, त्यामागं त्याचे प्रयोग होते. त्याचं म्हणणं साधं. उंचवटा आधी पुढच्या चाकांना भेटतो, मागच्यांना नंतर. दोन्हीकडं सारख्या स्प्रिंगा असतील तर पुढचं नाक खाली येताना मागचा भाग वर जातो आणि गाडी होडीसारखी डोलायला लागते. त्याऐवजी पुढचं टोक सावकाश डोलवा, मागचं थोडं भरभर. मग उशिरा निघालेली मागची बाजू पुढचीला गाठते आणि दोघी एकदम शांत होतात. पुढच्यानं जरा दमानं घ्यावं म्हणजे मागच्याची फरफट होत नाही. हे इतकं सरळ आहे की मोटारींच्या बाहेर ते कुणी मनावर घेतलेलं नाही.

स्प्रिंगचा मूळ नियम याहून कितीतरी जुना. जेवढं ओझं तेवढी दबते, ओझं दुप्पट तर दबणं दुप्पट. रॉबर्ट हूकला हे उमगलं, पण तो पडला संशयी. शोध दुसरा कुणी चोरेल म्हणून 1676 मध्ये त्यानं तो छापला तो चौदा लॅटिन अक्षरांची क्रमवार रास करून, कुणालाच कळणार नाही असा. उलगडा केला दोन वर्षांनी, 1678 मध्ये. म्हणजे शोध लावल्याचा दाखला हातात आणि शोध खिशात. उद्यमनगरातले मेस्त्री हूकला ओळखत नसले तरी त्यांची पद्धत तीच आहे. काय बिघडलंय ते लगेच सांगतात, कसं कळलं ते दोन वर्षांनी.

आणखी एक गंमत. स्प्रिंग दबते असं आपल्याला वाटतं, तार मात्र दबत नसते, ती स्वतःभोवती पिळली जाते. वेटोळ्यांची स्प्रिंग हा खरं तर गुंडाळून ठेवलेला पिळाचा दांडा. आपल्या रस्त्यावर पद्मिनीची जन्मभराची सवत होती अ‍ॅम्बॅसिडर. ती मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली, आणि तिच्या पुढच्या चाकांना स्प्रिंग नसून असे सरळ दांडेच होते, पीळ खाणारे. कोणती गाडी श्रेष्ठ यावर चहाच्या कपांवरून मैत्र्या तुटल्या. खाली वाकून पाहिलं असतं तर एकीचा पीळ सरळ आणि एकीचा वळणाचा, एवढाच फरक निघाला असता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते सुंभाचं झालं. पोलादाचं उलटं असतं. गाडी खाली घ्यायला काही हौशी लोक स्प्रिंगवर गॅसची ज्योत धरतात. तार लालभडक होते, तिला कारखान्यात तेलात विझवून दिलेलं पाणी उतरतं, आणि मग पोलाद जागेवर राहतं पण पीळ जातो तो कायमचा.

नव्या स्प्रिंगा पुण्याच्या नाना पेठेतून आल्या. काळ्या, तकतकीत, जोडीनं. जोडीनंच घ्यायच्या हा नियम. एकच नवी घातली तर गाडी एका खांद्यावर पोतं घेतल्यासारखी उभी राहते. फियाटच्याच 124 सारख्या गाड्यांत तर कारखाना स्प्रिंगांना ओझ्याखाली मोजून पिवळ्या किंवा हिरव्या रंगाची खूण करतो आणि दोन्हीकडं एकाच रंगाच्या घालायला सांगतो. पत्रिका जुळवल्याशिवाय पोलादसुद्धा नांदत नाही.

मग प्रत्यक्ष काम. गाडी जॅकवर चढवून चेसिसखाली स्टँड दिले. चाकं काढली, शॉकअप काढला. खालचा आर्म लोंबकळायला लागला. मला वाटलं, आता स्प्रिंग मोकळी झाली, हातानं काढता येईल. मी पुढं सरकलो तशी मेस्त्रींनी हाताखालच्या बारक्याला हाक मारली, "सरांस्नी खुर्ची दे. तिकडं. भिंतीकडंला." चाक हवेत लोंबलं तरी स्प्रिंग मोकळी होत नसते. जागा तिच्या मूळ लांबीपेक्षा नेहमीच आखूड असते, म्हणून आतल्या आत ती दबूनच राहते. साधा हिशेब केला तरी भीती वाटते. गाडीखाली साडेचारशे किलोच्या ओझ्यानं पंधरा सेंटिमीटर दबलेल्या स्प्रिंगेत जेवढी ताकद साठते, ती मीटरभर उंचीवरून सोडलेल्या सुमारे चौतीस किलोच्या वजनाएवढी. एवढं वजन वरून पडत असताना आपण खाली उभं राहणार नाही. स्प्रिंग मात्र मुकाट दिसते म्हणून लोक तिच्यासमोर तोंड नेतात.

मेस्त्रींनी तसं काही केलं नाही. आधी एक साखळी स्प्रिंगमधून ओवून आर्मला बांधली, निसटलीच तर तिथंच राहावी म्हणून. मग दोन आट्यांच्या सळ्या आल्या, दोन्ही टोकांना आकडे असलेल्या. त्या स्प्रिंगच्या दोन्ही अंगांना समोरासमोर लावल्या आणि पाना फिरायला लागला. इकडं दोन आटे, तिकडं दोन आटे. पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं. एका बाजूला घाई केली तर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडा सरकतो. गॅरेजमधला रेडिओ बंद झाला. एरवी तोंडाचा पट्टा चालू असलेला बारक्या श्वास धरून उभा. या कामात हातोड्याला जागा नाही, आणि हातोड्याला जागा नसलेलं काम आपल्याकडं फारसं बघायला मिळत नाही.

जुनी निघाली ती नव्याशेजारी उभी केली. तेव्हा कुठं डोळ्याला पटलं. नवी दोन बोटं उंच. जुनीला काही झालेलं दिसत नव्हतं, चीर नाही, मोड नाही. ती नुसती थोडी कमी झाली होती. बसवतानाही एक बारकावा असतो. तारेचं कापलेलं टोक खालच्या वाटीतल्या खाचेला टेकायला लागतं आणि वर रबराची चकती. टोक खाचेबाहेर राहिलं तर पहिल्या खड्ड्यात ते आपली जागा स्वतः शोधतं आणि तेव्हा होणारा आवाज ऐकून गाडीतली माणसं देव आठवतात. मेस्त्रींनी टोक बोटानं चाचपलं, मान हलवली आणि सळ्या उलट्या फिरवायला घेतल्या. दोन आटे इकडं, दोन तिकडं. स्प्रिंग आळस दिल्यासारखी हळूहळू जागेवर आली.

आता बोल्ट आवळले की झालं असं समजून बारक्यानं लांब पाना आणला. मेस्त्री खेकसले, "आत्ता न्हाई. नुसतं हातानं लावून ठेव. गाडी खाली उतरू दे, चाकावर उभी राहू दे, मग आवळायचं."

हा साऱ्या कामातला सर्वांत शहाणा नियम, आणि घाईत सर्वांत जास्त मोडला जाणाराही. आर्मच्या मुळाशी रबरी बुश असतात. बोल्ट आवळला की बुशची मधली नळी पक्की धरली जाते, आणि त्यानंतर आर्म हलला की रबर घसरत नाही, पिळलं जातं. आर्म हवेत लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं, आणि मग ते कायम पिळलेलंच राहणार. गाडी उगाच उंच उभी राहील, आणि काही दिवसांत रबर फाटेल. म्हणून ओझं येऊ द्यायचं, जो काय आकार घ्यायचा तो घेऊ द्यायचा, आणि मग पक्कं करायचं. हवेत लटकलेल्या अवस्थेत केलेले पक्के निर्णय कुठं कुठं फाटलेत याची यादी प्रत्येकानं आपापली करावी. संसार, समित्या आणि पक्ष हे तिन्ही रकाने भरतील.

गाडी जमिनीवर आली. मेस्त्रींनी पुढच्या मडगार्डवर बूड टेकून ती चार-दोनदा दाबली, थोडी पुढं-मागं ढकलली आणि मगच पाना चालवला. नंतर गाडी अलाइनमेंटला पाठवली, कारण उंची बदलली की चाकांचा कलही बदलतो.

घरी आणल्यावर मात्र प्रशंसा एकाही तोंडातून निघाली नाही. शेजारचे निवृत्त हेडमास्तर फाटकातूनच म्हणाले, "काय ओ, गाडीनं नाक वर केलंय की." सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हिला पुढून कुणी उचललंय का? उतरवून घ्या बरं." मुलाला फोटो पाठवला तर त्यानं विचारलं, बाबा, मागं काय भरलंय? कितीतरी वर्षांनी गाडी जशी असायला हवी तशी उभी होती, आणि साऱ्यांचं एकमत होतं की काहीतरी बिघडलंय. बिघाड सावकाश येतो म्हणून त्याला कुणी हटकत नाही. दुरुस्ती एका दिवसात येते, त्यामुळे ती उद्धट दिसते. समाजसुधारकांचं काय झालं असेल याची थोडीशी कल्पना मला त्या फाटकात उभ्या उभ्या आली.

मेस्त्रींकडे तक्रार नेली. ते म्हणाले, नव्या स्प्रिंगा थोड्या बसतातच, जरा चालवा. चांगला कारखाना त्या आधीच पूर्ण दाबून सोडतो, म्हणजे जे पहिलं बसणं असतं ते तिथंच उरकावं. तरी रबराच्या चकत्या, वाट्या, बुश यांना आपापसांत जमवून घ्यायला काही प्रवास लागतो. मी चालवली. रंकाळ्याला फेऱ्या झाल्या, पन्हाळ्याला जाऊन आलो. ठोकळ्यावरचा दणका गेला, गतिरोधकावरून जाताना सायलेन्सर घासायचा थांबला. नाकही किंचित खाली आलं, आणि डोळे किंचित वर गेले. दोघांची गाठ कुठंतरी मध्ये पडली असावी.

पुन्हा उंची मोजायला गेलो तेव्हा मेस्त्री खूश होते. टेप लावला, दोन्ही बाजू जुळल्या. मग सवयीनं दहा पावलं मागं गेले, डोळा मिटला, आणि मिटलेला डोळा उघडेना.

"सर, पुढचं काम झ्याक झालंय. पण आता मागनं बघा की."

बघितलं. पुढची बाजू खाली होती तोवर मागच्या पाट्यांचं वय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दोघी जोडीनं उतरल्या होत्या, म्हणून गाडी सपाट दिसायची. आता पुढची उठली आणि मागची उघडी पडली. मेस्त्रींचा हात टेपकडं गेलेला पाहून मी त्यांचाच नियम पुढं केला.

"मेस्त्री, गडबड नको. आधी पुढचं नीट बसू दे, ओझं येऊ दे, मग मागचं आवळू."

"शिकलासा की, सर!" म्हणून ते मनापासून हसले, आणि मागच्या पाट्यांच्या खर्चाचा अंदाज त्यांनी पुढच्या स्प्रिंगांच्या बिलामागं तेवढ्याच मनापासून लिहून दिला.